कसला भय वाटता?

शेवंताकाकींनी कुणाला ‘बरा आसस मां?’ असं कधी विचारलं नाही. समोर येईल त्याचं मनगट धरायच्या आणि म्हणायच्या, “तुका कसला भय वाटता, सांग.” लालबागच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये त्यांची गाठ पडली की माणसं आपला मजला येण्याची वाट पाहत. मी तर जिनाच धरायचो. मी मुळात भित्रा. त्यांच्यापुढे काय सांगू आणि काय नको, असं व्हायचं.

काकी आमच्याच गावच्या, तळकोकणातल्या. जन्मभर गावात सुईणपण केलं आणि गुडघे गेल्यावर मुलाकडे मुंबईला आल्या. तो प्रश्न बाळंतिणींना विचारून विचारून त्यांच्या तोंडात बसलेला. “दुखता खंय ता बायलमाणूस आपसूक सांगता,” त्या म्हणायच्या, “भय खंय ता इचारूचा लागता.”

गावात आरोग्य उपकेंद्र यायचं होतं आणि जागा गावाने सुचवायची होती. आता आमचा गाव म्हणजे निम्मा लालबागमध्ये. गिरण्यांच्या काळातली गावकीची खोली अजून आहे, तिथे ग्रामस्थ मंडळाची सभा भरली. गावच्या एका शेटजींनी गावाबाहेरचं आपलं नवंकोरं रिकामं घर देऊ केलं होतं. मी दादरच्या एका कचेरीत नकाशे काढतो, म्हणून गावाचा नकाशा मीच केला होता, चांगला रंगीत. सगळे पुरुष माना डोलावत होते. दाराशी बसलेल्या काकी म्हणाल्या, “बायकांका कोणी इचारल्यान?”

अध्यक्षांनी हसत हसत गावाला फोन लावला, स्पीकरवर. वाडीतल्या बायका माझ्या बहिणीकडे, मंदाकडे जमल्या होत्या. मंदाला सातवा महिना होता. जागा पसंत आहे ना, असं विचारल्यावर उत्तर आलं, “तुमी ठरवशात तसा.” झालं! अध्यक्ष ठरावावर सहीसाठी पेन शोधू लागले. काकी फोनवर वाकल्या.

“मंदा, तुका कसला भय वाटता गो?”

 मंदा म्हणाली, “काकी, वाटेत मसणवट आसा. पोटुशी बाई थयसून जायत कशी? मी मेलंय तरी जावचंय नाय.” मागून बायकांचा एकच कालवा उठला.

मी समोरचा नकाशा ओढून घेतला. नकाशात देऊळ होतं, शाळा होती, विहीर होती, एस.टी.चा थांबा होता. मसणवट नव्हती. जिथे मी वडिलांना अग्नी दिला ती जागा काढायला माझा हातच धजला नव्हता, आणि हे मला तेव्हा कळलं. त्या कागदापायी मंदा घरातच अडली असती आणि मी इथे चहा पीत बसलो असतो.

“ही अंधश्रद्धा आहे. बायकांना शिकवायला हवं,” अध्यक्ष म्हणाले.

“शिकवूक धा वर्सां लागतली,” काकी म्हणाल्या. “तिचा पोर दोन म्हयन्यांत येतला.”

ठराव बदलला आणि महिन्याभरात उपकेंद्र वाडीतल्या समाजमंदिरात सुरू झालं. मंदा तिथे चालत जाऊन तपासून घेऊ लागली. तिला मुलगी झाली.

गेल्या वर्षी काकींना ऑपरेशनसाठी परळच्या एका इस्पितळात नेलं. मुलगा कागद भरत होता, मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो होतो. त्या समोरच्या ऑपरेशनच्या दाराकडे बघत होत्या. मी पहिल्यांदाच त्यांचं मनगट धरलं.

“काकी, तुमका कसला भय वाटता?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “माका ह्या कोणी इचारूक नाय रे,” म्हणाल्या. मग खाली मान घालून सांगितलं. त्यांचा पहिला मुलगा तापाने फणफणला होता. त्याला कडेवर घेऊन त्या डॉक्टरकडे निघाल्या, एकट्याच. “मसणवटीकडे पाय उचलूकच नाय. मी परत फिरलंय.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

नर्सने नाव पुकारलं. काकी उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“त्या दारापर्यंत माझ्या वांगडा चल,” म्हणाल्या.

दारापर्यंत मी सोबत गेलो. पुढे मला जाऊ दिलं नाही, आणि त्या परत आल्या नाहीत.