ओटीचा नारळ

आमच्याकडे पाहुण्याला दाखवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न माझी कॉलेजातली मैत्रीण येईपर्यंत मला कधी पडला नव्हता. ती साताऱ्याकडची, तिच्या दारातून डोंगर दिसायचा. आमच्या शिरूरच्या दारातून समोरच्या मावशीचं दार दिसायचं आणि त्यामागे तिचे झेंडूचे वाफे. तरी मी तिला बजावून बोलावलं, कारण त्यात माझा सरळसरळ स्वार्थ होता.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. मी शिलाईचं दुकान असलेल्या मुसलमान घरातली. तिचा नवरा लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेला होता, आणि भावानं तिला शिकायला धाडलं होतं. पुढं मला शिरूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तिथं अजून एक जागा रिकामी होती. तिला मात्र पुण्यातल्या एका मोठ्या शाळेचाही होकार आला होता, वर राहायला खोली. दोन्हीकडे सोमवारी कळवायचं होतं. ती शिरूरला यावी म्हणून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. रोज शाळेत एकटीनं डबा खाऊन मी वैतागले होते.

येण्याआधी तिनं एकच अट घातली. "घरी माझ्याबद्दल आधी काही सांगू नकोस. सांगितलं की माणसं आवाज बारीक करून बोलतात." मी शब्द दिला आणि पाळला.

आमचा मुलूख दाखवायला मी तिला आधी पाटसकडे नेलं. तिथं अब्बांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं गुऱ्हाळ होतं. एसटीत मी सारखी खिडकीबाहेर बोट दाखवत होते. हा ऊस बघ, तो पाट बघ, ही भीमा बघ. "बघतेय गं," ती म्हणाली, "सपाट आहे, एवढं कळलं." मला राग आला, पण गुऱ्हाळावर तो टिकला नाही. कढईभोवती वाफ, चिपाडांचा जाळ, आणि गुऱ्हाळाचे मालक आबा आम्हाला जागेवरून हलू देईनात.

"रस पिल्याबिगर कुणी जात न्हाई हितनं," ते म्हणाले. "आन् मास्तरीणबाई, काकवी बोटानं खायाची. चमचा मागाल तर न्हाई मिळायचा."

तिनं बोटानं काकवी खाल्ली. हनुवटीवरून ओघळ आला तेव्हा ती अशी हसली, की कॉलेजच्या दोन वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. निम्मं काम झालं, असं मी मनात म्हटलं.

मुक्काम यवतला होता, अब्बांच्या ओळखीच्या एका शेतकरी घरात. तिथं माझं झालेलं निम्मं काम पाण्यात गेलं. घरातल्या काकी फार प्रेमळ. सकाळी आम्ही निघालो तशा त्या कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या, तिच्या कपाळाकडे बघून थबकल्या आणि विचारलं, "मालक काय करत्यात?"

"नाहीत," ती म्हणाली.

काकींचा आवाज लगेच खाली आला. "आरं देवा, एवढ्या वयात," असं पुटपुटत त्या करंडा आत ठेवून आल्या आणि आमच्या पिशवीत केळी भरू लागल्या. भरतच राहिल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून मला भांडताही येईना. भांडणाची मला केवढी हौस, पण तिथं तोंड शिवून बसावं लागलं.

स्टँडवर ती म्हणाली, "तुझी गावं छान आहेत. पण गावात प्रत्येक दारी हे सांगावं लागेल." मी केळं सोलून तिच्या हातात दिलं.

पुण्यात मग ती मला फिरवू लागली. पानशेतच्या पुराची ओल काही भिंतींवर अजून दिसत होती. आम्ही मंडईत हिंडलो, तुळशीबागेत पिना घेतल्या, इराण्याच्या हॉटेलात फॅमिली रूमचा पडदा ओढून बनमस्का खाल्ला. तिची होणारी शाळा पाहिली. दगडी इमारत, मोठं मैदान आणि वरच्या मजल्यावर शिक्षिकांच्या खोल्या. कुणी तिच्या कपाळाकडे पाहिलं नाही. कुणी आमच्याकडेच पाहिलं नाही म्हणा. "इथं बरं आहे," ती म्हणाली. मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं, आणि त्याचाच मला संताप येत होता.

शिक्रापूरवरून शिरूरला परतताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी अख्खा रस्ता मनातल्या मनात तिला निरोप देत होते.

रविवारी दुपारच्या गाडीनं तिला निघायचं होतं. आमच्या घरची एक रीत होती. हिंदू घरातली बाई पाहुणी आली, की अम्मा तिची ओटी भरायची. ही रीत तिनं समोरच्या मावशीकडून उचलली होती. गहू आणि नारळ आमचा, खण अब्बांच्या दुकानातला. करंडा मात्र आमच्या घरात कुठला असणार? म्हणून कुंकवापुरती मावशी यायची. दोघी मिळून एक ओटी भरायच्या.

माझ्या हे ध्यानातच आलं नाही, आणि अम्माला काही माहीत नव्हतं. मोकळं कपाळ पाहून तिला कळणार तरी काय! आमच्या घरात सगळ्यांचीच कपाळं मोकळी.

मी सामान बांधून बाहेर आले तर पाट मांडलेला, ती पाटावर बसलेली, आणि मावशी करंडा उघडून तिच्यासमोर वाकलेली. मावशीचं बोट कुंकवात तसंच राहिलं.

"बाई, तू सवाष्ण न्हाईस व्हय?"

"नाही, मावशी."

अम्मा नारळ हातात धरून उभी. "म्हंजी काय झालं, अक्का?" मावशीनं तिच्या कानात सांगितलं. अम्माचा चेहरा उतरला. "माझं चुकलं का गं?" तिनं मला विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. एक पोर आपल्या दारात दुखावली, एवढंच तिला कळत होतं.

मी तोंड उघडायच्या आत मैत्रिणीनं पदर पुढे धरला. "भरा ना, अम्मा."

अम्मानं मावशीकडे पाहिलं. मावशीनं बोट लुगड्याला पुसलं, करंडा मिटून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "भर की, भाभी. पोरगी मोकळ्या पदरानं जाईल व्हय?" अम्मानं नारळ आणि खण पदरात ठेवला, वर गहू घातले. मग मावशीनंही आपली ओंजळ त्यात रिकामी केली.

ओटीला गाठ मारता मारता मावशीनं नेहमीप्रमाणे बजावलं, "नारळ कुणाला द्यायचा न्हाई बरं का. ओटीचा नारळ आपल्याच घरात खायाचा."

तिनं मांडीवरचं ओझं दोन्ही हातांनी तोलून बघितलं. मग उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "अम्मा, खोवणी कुठंय? संध्याकाळी वड्या करू."

"संध्याकाळी?" अम्मा म्हणाली. "आन् तुझी गाडी?"

"जाऊ दे तिला."

ती शिरूरला राहिली, आणि मी माझा डबा पुन्हा कधी एकटीनं उघडला नाही. आयुष्यानं मला पुष्कळ दिलं, पण ही देणगी अम्माच्या अज्ञानातून आली, आणि त्या अज्ञानाचे मी आजही आभार मानते. त्या संध्याकाळच्या वड्या गल्लीत कुणाला दिल्या नाहीत. मावशी मात्र न बोलावता आली, ताटलीतल्या दोन उचलल्या आणि चुलीपाशी बसून खाल्ल्या.