चौदा नंबरच्या पेटीतला पाना

मी कॉकपिटमध्ये पालथा पडलो होतो. डोकं सीटखालच्या खबदाडीत, पाय बाहेर. टॉर्च तोंडात धरलेला. चाचपताना हाताला एक पाना लागला.

बाहेरून मॅडमनी विचारलं, "गाडगे, काही सापडलं का?"

"नाही," मी म्हणालो आणि पाना खिशात घातला.

या विमानाबद्दल खोटं बोलायची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळेला तेवीस वर्षं झाली.

विमान म्हणजे वायुदलाचं जुनं किरण. शिकाऊ वैमानिकांचं जेट. शिकणारा आणि शिकवणारा शेजारीशेजारी बसतात, दोघांपुढं एकेक स्टिक. स्टिक मागं ओढली की विमानाचं नाक वर जातं, पुढं ढकलली की खाली. निवृत्त झालेलं हे विमान आळेफाट्याजवळच्या एका शाळेला शोभेसाठी मिळालेलं. शाळेच्या पेंटरनं त्याला हिरवे-तपकिरी पट्टे मारून लढाऊ करून टाकलं होतं. नाकावर वाघाचं तोंड. पोरं खूश होती.

खूश नव्हत्या त्या मॅडम. निवृत्त गणिताच्या प्राध्यापक. पुण्याच्या विमानवेड्यांचा एक ग्रुप आहे, त्याच्या त्या म्होरक्या. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी स्वतःच्या खर्चानं जुनी विमानं पूर्वीसारखी करतात. कुठलं विमान कुठल्या वर्षी कुठल्या तळावर होतं, हे त्यांना तोंडपाठ. शेपटीजवळचा रंग त्यांनी पॉलिश पेपरनं पाणी लावून घासला. एक थर, दुसरा थर, तिसरा. खालून विमानाचा मूळ नंबर वर आला.

मी तेव्हा नुसता बघायला गेलो होतो. माझं फाट्यावर पाण्यातल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याआधी वीस वर्षं वायुदलात एअरफ्रेम फिटर होतो. एअरफ्रेम म्हणजे इंजिन सोडून विमानाचं बाकी अंग. नंबर वाचला आणि मी मॅडमना म्हणालो, "कॉकपिटचं काम मी करतो. फुकट करतो." त्यांना वाटलं, जुन्या विमानाची माया. मीही तसंच वाटू दिलं.

खरं असं होतं.

विमानाच्या कामात हत्याराची मोजणी असते. प्रत्येकाची पेटी वेगळी, प्रत्येक पान्यावर पेटीचा नंबर कोरलेला. माझी पेटी चौदा नंबरची. काम सुरू करताना मोजायचं, संपल्यावर मोजायचं. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. कारण पाना आत राहिला असेल, तर हवेत तो कुठंही सरकतो आणि कशातही अडकतो. दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही, हाही नियम.

एका दुपारी याच विमानाच्या कॉकपिटचं फ्लोअर उघडून मी काम केलं. संध्याकाळी सात बाय सोळा इंचाचा रिंग पाना भरेना. सगळं शोधलं. सांगितलं असतं तर विमान उभं राहिलं असतं, दुसऱ्या दिवशीचं फ्लाइंग बोंबललं असतं आणि माझी रजा गेली असती. रजेत माझं लग्न ठरलेलं. पेटी पूर्ण भरल्याची सही मी केली. दुसऱ्या दिवशी कॅम्पबाहेरच्या बाजारातून तसाच पाना आणला, खिळ्यानं त्यावर चौदा कोरलं आणि जागेवर ठेवला.

लग्न करून परत आलो तर सेक्शनमध्ये चौकशी चालू होती. उतरताना त्या विमानाची स्टिक अडकली होती. शिकवणाऱ्यानं दोन्ही हातांनी ओढली तेव्हा सुटली. दोघं वाचले. फ्लोअर उघडलं, सीट न काढता बघितलं, आत काही सापडलं नाही. फक्त फ्लोअरच्या पॅनलचे दोन स्क्रू सैल निघाले. शेवटची सर्व्हिसिंग कॉर्पोरल लोहकरेची. निष्काळजीपणाचा शेरा त्याच्या कागदावर गेला. सार्जंट व्हायचा तो कॉर्पोरलच राहिला आणि मुदत संपल्यावर घरी आला. घर म्हणजे डिंभे धरणाच्या पलीकडं, आंबेगावच्या डोंगरात. भातशेती. त्याच्या मागं लोक त्याला 'इमान पाडणारा' म्हणतात, हे मला माहीत होतं. माझ्या दुकानापासून त्याचं घर दोन-अडीच तासांवर. मी कधी गेलो नाही.

आता पाना सापडला होता. तो आधी लोहकरेला दाखवायचा, कबूल करायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच मी ठरवलेलं. दुकानात येऊन तो रॉकेलनं पुसला. नंबर चौदा. मशीननं कोरलेला, सरकारी.

पण पाना अर्ध्या इंचाचा होता.

मी पुन्हा पुसला. पुन्हा वाचला. अर्ध्या इंचाचा पाना मी कधीच हरवला नव्हता. की हरवला होता? तेवीस वर्षं मी सात बाय सोळाच धरून बसलो होतो, पण आता माझाच माझ्यावर भरवसा उरेना. जेवताना बायकोनं विचारलं, "काय झालंय?" म्हटलं, "एका मोटारीचा फॉल्ट सापडत नाही." चार दिवस असेच गेले. मग वाटलं, पाना कुठलाही असो, सही तर माझीच खोटी आहे. रविवारी गाडी काढली.

लोहकरे खाचराच्या बांधावर होता. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाला, "गाडगे का? वाट चुकलास व्हय?"

"चुकलो नाही. सांगायला आलोय."

बांधावरच बसून सांगितलं. पाना, सही, बाजार, लग्न, सगळं. मग मी खिशातला पाना त्याच्या हातात दिला. "एवढंच कळत नाही, की हा अर्ध्या इंचाचा कसा."

त्यानं पाना उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो माझा हाय," तो म्हणाला.

"चौदा नंबर माझा."

"पेटी तुझी, हरवला मी. तू रजेवर व्हतास. माझ्या पेटीतला अर्ध्याचा घासला व्हता, नट धरंना. तुझ्यातला घेतला. खाली फ्लोअरमधी सुटला हातातनं, गावला न्हाई. तू आल्यावर तुझ्यावर येईल म्हणून बाजारातनं दुसरा आणून ठिवला."

"चौकशीत का नाही बोललास?"

"बोललो असतो तर पेटी कुणाची, हे आधी इचारलं असतं. तुझी हळद निघाली नव्हती अजून." "मला वाटलं, आपलंच कर्म हाय, भोगू. आन तू तिकडं गप. दोघातलं एकानं तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याचं उघडलं असतं राव."

त्याला राग आला होता. यायलाच हवा होता. पण मग तो म्हणाला, "तुझ्या पेटीत एक तरी पाना सरकारी उरला व्हता का?" आणि हसू त्यालाच आलं. मला आलं नाही.

"मग स्टिक अडकली कशानं?" मी विचारलं. "तुझ्या पान्यानं की माझ्या?"

"मला काय माहीत? मी तर आजपतूर एकच समजत व्हतो."

पुढच्या रविवारी तो शाळेत आला. मॅडमना आम्ही दोघांनी उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे दुसरा पाना अजून आत आहे?"

आम्ही फ्लोअर पूर्ण काढलं. दोन्ही सीटखाली, केबलच्या वाटेत, मागच्या भिंतीपर्यंत बघितलं. सहा रिव्हेट, एक पेन्सिल, खारीचं घरटं. सात बाय सोळा नाही. तो मधे कधीतरी कुणाला सापडून गुपचूप गेला असेल. किंवा त्या दिवशी विमानात पडलाच नसेल, हँगरच्या गटारात गेला असेल. लोहकरे म्हणतो, त्याचाच अडकला. मी म्हणतो, माझा. मॅडम म्हणतात, कदाचित कुठलाच नाही, सैल स्क्रूमुळे पॅनल उचललं असेल. तिघांपैकी कुणाकडंही पुरावा नाही.

मी वायुदलाला पत्र लिहिलं, की शेरा चुकीच्या माणसावर आहे. लोहकरे म्हणाला, माझं पण लिही, न्हाईतर धाडू नको. शेवटी एकाच कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की संबंधित फाइल मुदत संपल्यानं नष्ट करण्यात आली आहे. म्हणजे शेरा आता कुठंच नाही, आणि तो पुसायलाही येत नाही. लोहकरेच्या गावी जाऊन चार माणसांत मी हे सगळं बोललो. ऐकून एक म्हातारे म्हणाले, "म्हंजे इमान दोघांनी पाडलं?" पडलंच नव्हतं, हे समजावण्यात अर्धा तास गेला.

यातून शिकलो ते एवढंच. कबुली द्यायची तर पुरावा सापडायची वाट बघू नये. सापडतो तो दुसऱ्याचाच निघतो.