हार्लनचं आवतण

हार्लन ड्वोराक हा नेब्रास्कातल्या एका ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याचा मुलगा. कुणाचीही गाडी बंद पडली की बाह्या सरसावून तिच्याखाली शिरणारा. आयोवातल्या त्या लहानशा कॉलेजात अशा मुलाला मित्रांची वानवा पडायला नको होती. पण पडली, आणि त्याला कारण होती तिथली पाच बंधुमंडळं.

एकेका मंडळाचं स्वतंत्र घर, दारावर ग्रीक अक्षरं, आत गाणी, जेवणं, थट्टामस्करी. आपण होऊन आत शिरायची सोय नाही. मंडळातल्या एखाद्या ‘भावानं’, म्हणजे सभासदानं, स्वतःच्या सहीचं कार्ड हाती द्यायचं, तेव्हाच आवतण पोचलं म्हणायचं. पहिल्या वर्षी हार्लन पाचही घरी जाऊन आला, सगळ्यांशी गोड बोलला, दोन घरच्या मोटारीही सुरू करून दिल्या. कार्ड एकही आलं नाही. मोटारी मात्र दुरुस्तीला येतच राहिल्या. त्या वर्षीच्या सगळ्या शुक्रवार-संध्याकाळी त्यानं एकट्यानं काढल्या, आणि त्याला ते फार लागलं.

दुसऱ्या वर्षी त्यानं सहावं मंडळ काढायचा घाट घातला. इटा थीटा ऱ्हो नावाच्या एका जुन्या मंडळाची इथे शाखा नव्हती. त्यांना त्यानं पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं: ‘शुक्रवारी पाच वाजता आमचे श्री. पिंकनी येतील. वीस मुलं दिसली तर सनद देतील. एकोणीस असतील तर कॉफी पिऊन परत जातील.’

“आपल्याला कुणी दारात उभं करेना, म्हणून आपणच घर बांधायचं होय?” त्याच्या खोलीत राहणारा एमेट म्हणाला.

“मग काय, जन्मभर फुटपाथवर बसू?”

“बरं बाबा. तू आणि मी, दोन झाले. अठरा गाढवं आण आणखी.”

चादरीवर मंडळाची अक्षरं रंगवायचं काम एमेटनं अंगावर घेतलं, आणि तिथेच माशी शिंकली. ग्रीक इटा दिसतं एच, ऱ्हो दिसतं पी. मधल्या थीटाच्या पोटात एक आडवी रेघ असते, ती हा पठ्ठ्या विसरला आणि थीटाचा झाला ओ. मैदानावर चादर फडकली ती ‘हॉप’ असं सांगत. हॉप म्हणजे नाचाची पार्टी, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

गुरुवारपर्यंत सोळा जण जमले होते. त्या संध्याकाळी आणखी चौघं आले आणि भराभर यादीवर सह्या करून, हार्लनच्या सहीचं कार्ड घेऊन मोकळे झाले. वीस! हार्लनला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात त्या चौघांतल्या लाइल नावाच्या काटकुळ्या पोरानं विचारलं, “मग, नाच कधी आहे?”

एमेटनं टेबलाखालून हार्लनला लाथ मारली. “गप बस,” तो पुटपुटला. “उद्या संध्याकाळनंतर सांगू.”

हार्लनला मोह झाला, नाही असं नाही. पण फसवून आणलेल्या माणसाला भाऊ कसं म्हणायचं?

“नाच नाहीये,” तो म्हणाला. “चादर चुकलीय. हे बंधुमंडळ आहे, नवंकोरं. घर नाही, पैसा नाही, पोरी तर नाहीतच. नाव खोडायचं असेल तर खोडा.”

“मग करणार काय तुम्ही?”

“दर शुक्रवारी चिलीचा झणझणीत रस्सा आणि दालचिनीचे रोल. आणि ज्याला कुठेच बोलावलं नाही, त्याला बोलवायचं.”

दोघं नाव खोडून चालते झाले. लाइल रेंगाळला. “नाचता मलाही येत नाही म्हणा,” तो म्हणाला. शुक्रवारी दुपारी तो आणि उरलेला गडी आपापल्या खोलीतल्या सोबत्याला ओढत घेऊन आले.

पाचाच्या ठोक्याला पिंकनीसाहेब आले. एकेक नाव वाचून ते कार्ड मागू लागले. एकोणीस नावं, एकोणीस कार्डं, सगळ्यांवर हार्लनची सही.

“आणि तुझं कार्ड?”

“माझं कशाला, साहेब? मंडळ मीच काढलंय.”

“स्वतःच स्वतःला आवतण देता येत नाही, पोरा. तुला कुणी बोलावलंय?”

हार्लनचे कान लालभडक झाले. “कुणी नाही, साहेब.”

“अरे, नियम आधी सांगायचा ना, गाढवा!” एमेट हार्लनवर ओरडला. “कोरी कार्डं कुठायत?”

कोरी कार्डं चारच उरली होती. बाकीच्यांनी जेवणाचे कागदी रुमाल ओढले, पेनं झटकली, एकमेकांच्या पाठीवर कागद टेकवून लिहायला सुरुवात केली. बघता बघता हार्लनपुढे एकोणीस आवतणांचा ढीग लागला.

“एक पुरलं असतं,” पिंकनीसाहेब म्हणाले.

“मग उरलेल्या अठरांनी काय गोट्या खेळायच्या?” लाइलनं विचारलं.

“येतोस ना रे आमच्यात?” एमेट म्हणाला.

“विचार करून सांगतो,” हार्लन कसाबसा बोलला, आणि हाताला लागलेल्या पहिल्याच रुमालानं त्यानं डोळे पुसले. तो नेमका लाइलचा निघाला. शाई पसरली, सही ओळखू येईना. पिंकनीसाहेबांनी तो तसाच सनदेला जोडला.