पाच वांग्यांचा वानवळा

वकिलाच्या घरी मी पुढल्या दाराने गेलो. चूक माझीच. जन्मभर त्याच्याकडे मागच्या गल्लीने जायची सवय. संडासाखालचं टोपलं ओढायचं, डोक्यावर घ्यायचं, चालू लागायचं. आणि त्या दिवशी देठांना सुंभाने एकत्र बांधलेली पाच वांगी घेऊन थेट ओटीसमोर! परसातली पहिली भाजी चार घरी देतात ना, तसा वानवळा घेऊन.

गावाबाहेरच्या कातळावर नगरपालिकेचे खड्डे होते. सगळ्या रत्नागिरीचा मैला आम्ही भंगी तिथे ओतायचो. एक थर मैला, एक थर केरकचरा, वर माती. सहा महिन्यांनी उकरलं की काळं, भुसभुशीत खत. वासाचं नाव नाही. सोनखत म्हणायचे त्याला. पालिकेत वजन असलेला हा वकील गाडी भरून न्यायचा. त्याच्या वांग्यांचं गावभर कौतुक. पाहुणे भरलं वांगं खाऊन बोटं चाटायचे. त्या वर्षी मीही खड्ड्याच्या कडेला चार रोपं लावली. तेच खत, तशीच वांगी. मला वाटलं, आता आमचं काहीतरी नातं लागतं. काय अक्कल!

"ठेव तिथे," वकील झोपाळ्यावरूनच म्हणाला. मी पायरीवर ठेवली. घरी येऊन बायकोला सांगितलं, "साहेबांनी घेतली बरं का!" ती भाकरी थापत राहिली. मी आपला दिवसभर फुगलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं ओढलं. मैल्यात पाच वांगी. देठं शाबूत. सुंभाची गाठ शाबूत, मीच मारलेली.

वकील मागच्या दारात तांब्या घेऊन उभा. मी विचारलं, "साहेब, खत चालतं, वांगी नाय चालत?"

"अरे, मैला सहा महिन्यांत शुद्ध होतो. तुझे हात व्हायचे नाहीत."

केवढा ज्ञानी माणूस! याच हातांनी कालवलेल्या मातीतलं वांगं रोज गिळत होता. वर ढेकर देत होता.

मी टोपलं डोक्यावर घेतलं. घराला वळसा घालून पुढे आलो. काल वांगी ठेवली, बरोब्बर त्याच पायरीवर ठेवलं.

"साहेब, वानवळा."

नाकाला धोतराचा सोगा लावून तो किंचाळला, "उचल! नाहीतर आज नोकरी जाईल, पालिकेची खोली जाईल!"

"तुमचंच हाय. तुमी उचला."

दुपारपर्यंत दोन्ही गेलं. वकील शब्दाचा पक्का निघाला. मीही निघालो. त्यानंतर कुणाचं टोपलं उचललं नाही. उचलणार नाही. पोरांना उचलू देणार नाही. उपास पडले. पडोत.

त्या दुपारी बायको गोणपाटात भांडी बांधत होती. मी छाती काढून तिला सगळं सांगत होतो. तिसऱ्यांदा. तिने गाठ आवळली नि म्हणाली, "इतकी वर्सं माणसांचा गू वाहिलात, तवा काय नाय वाटलं. पाच वांग्यांचा राग आला व्हय?"