अमेरिकन हीटर आणि तामसीची वरात

टेम्परेचरची सुई लाल पट्ट्यात शिरली, तेव्हा वरात अजून मारुतीच्या देवळासमोरच नाचत होती. मे महिना, भर दुपार, तामसीजवळचं एक गाव. स्टेअरिंगवर मी. शेजारी बाशिंग बांधलेला नवरदेव अशोक. खिडकीशी चालत होते त्याचे मामा, देवराव पाटील. गाडी त्यांचीच.

गुडीहत्नूरला हायवेवर माझं गॅरेज होतं. पाटलांच्या कापसाच्या जिनिंगचे सगळे ट्रक माझ्याकडे यायचे. ही गाडी त्यांनी हैदराबादेत कोण्या परदेशी इंजिनिअरकडून हौसेनं उचलली होती. १९७०च्या आसपास अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाडीत राक्षसी इंजिन बसवायचं खूळ होतं. मसल कार म्हणायचे. त्यातल्या काही गाजल्या, पोस्टरवर गेल्या. आमची त्यातली नव्हे. ते मॉडेल दोनेक वर्षांत बंद पडलं आणि खुद्द अमेरिकेतही कोणी हळहळलं नसावं. आठ सिलिंडर, दोन दरवाजे, स्टेअरिंग डावीकडे. म्हणून चालवायला मी.

असली गाडी पळाली तरच समोरून वारा येतो आणि रेडिएटरमधलं पाणी थंड होतं. वरातीत कुठला वारा? पुढं बँड, त्याच्यापुढं अशोकचे मित्र, प्रत्येक खांबाशी थांबून नाचणारे.

"पाटील, गाडी बंद करा लागते. हेड गॅस्केट जाईन."

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली पातळ पत्री. ती जळाली की इंजिन बसलं. आणि या गाडीची पत्री आणायची कुठून, ब्रह्मदेवालाही माहीत नसेल.

पाटील म्हणाले, "बंद गाडीत नवरदेव? पोरीकडचे हासतीन ना बे. आन् इंजिन गेलं, तर माहे ट्रक तुह्या दारात दिसनार नाईत."

"मंग अशोकभाऊले चालत न्या."

"येडा झाला का? पोरीकडचे ओवाळाले येत नाईत, तवर नवरदेवाचा पाय जमिनीले लागत नाई."

घ्या. माझी रोजीरोटी त्या सुईला लटकलेली. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा खटका दिसला. हीटर. तिकडे बर्फ पडतो म्हणून दिलेला. हीटर हे खरं तर दुसरं छोटं रेडिएटरच असतं. इंजिनचं उकळतं पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता आत बसलेल्यांवर फेकतो. मी फुल्ल लावला. सुई खाली सरकायला लागली आणि मला असा आनंद झाला की विचारू नका.

"थंडी मशीन लावली का?" आवाज ऐकून पाटलांनी विचारलं.

"तसंच समजा."

पाटील खुशीत नाचायला पुढं गेले.

"भाऊ," थोड्या वेळानं अशोक म्हणाला, "माहे पाय भाजून राह्यले."

"बूट काढा."

"काढले."

"मंग मोजे काढा."

भाजत मीही होतो, पण माझ्या अंगात बनियन, त्याच्या अंगात टेरिकॉटचा सूट.

मांडवाशी मुलीची मावशी ओवाळायला आली आणि ताट धरून तशीच उभी राहिली. नवरदेव लालभडक. कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"अवो, हे काऊन रडून राह्यले?"

बातमी मांडवात पोचली. बँड थांबला. मुलीचे वडील धावत आले. त्यांना वाटलं, पोराला दमदाटी करून लग्नाला उभं केलंय. "बापू, मनात नसन तर आत्ताच सांग. माह्या पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय."

अशोकच्या घशाला कोरड. बोलायला गेला तर नुसती हवा. त्यानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, कोणालाच कळेना. सासरे मटकन खुर्चीत बसले.

शेवटी अशोकनं खिडकीतून हात काढला, मावशीमागच्या बाईच्या हातातला पाय धुवायचा तांब्या ओढला, अर्धा प्यायला, उरलेला बाशिंगावर ओतला.

"मनात हाय," तो म्हणाला. "पयले मले बाहेर काढा."

लग्न लागलं. पाटलांनी भाच्याआधी बॉनेटला हात लावून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. ट्रक माझ्याकडेच राहिले. अशोक मात्र बायकोला घेऊन बसनं परतला.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. उष्णता नाहीशी करता येत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या अंगावर टाकता येते. त्यातून ज्याला रीतीप्रमाणे उतरता येत नाही असा माणूस मिळाला, तर काम फारच सोपं.