बरोबर दार

तक्रार नेमकी कुठे करायची हे ठाऊक असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला : माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. धुळ्यात गल्लीचं पाणी गेलं की लोक नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडायचे. आबा मात्र कोणत्या चौकातला व्हॉल्व्ह अडकला ते शोधून थेट व्हॉल्व्हवाल्याच्या घरी जायचे, तेही त्याचं जेवण झाल्यावर. धरणगावच्या एका लग्नात वरण-बट्टीतलं वरण अळणी निघालं, तर यजमानाला अवाक्षर न बोलता ते आचाऱ्यापाशी गेले आणि कोणतं पातेलं ते दाखवून आले. पुढच्या पंगतीचं वरण झकास होतं.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर आबांनी रावेरच्या एका मित्राच्या केळीबागेसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडणारं छोटं यंत्र बनवलं, त्याचा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. सगळे व्हॉल्व्ह उघडायचे, शेवटचा तेवढा नाही. बागेची ती बाजू सुकू लागली. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला मुलगा, म्हणजे माझे मेहुणे, फोनवर म्हणाले, की चूक तुमचीच असणार आबा, तो कंपायलर सारं जग वापरतं. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा कंपायलर जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, फुकट, कुणालाही उघडून पाहता येणारा. आबा महिनाभर आपला प्रोग्रॅम छाटत बसले. अकरा ओळी उरल्या, तरी शेवटची पाळी वगळलीच जात होती.

आता हे सांगायचं कुठे? कंपायलरची तक्रार एकीकडे, तुकडे जोडणाऱ्या लिंकरची दुसरीकडे, तयार तुकड्यांच्या लायब्ररीची तिसरीकडे. आबांनी तक्रार कशी करावी याच्या सूचनांचं पान छापून आणलं, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि तरीही लिंकरवाल्यांचं दार ठोठावलं. हे आमच्याकडचं नाही, असं तिकडून सौम्य उत्तर आलं. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मी जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून कंपायलरवाल्यांना लिहिलेली दुसरी तक्रार त्यांनी मला तपासायला दिली. सुरुवातीलाच समोरच्याची खुशाली विचारली होती. ते वाक्य काढा, म्हटलं, तर आपल्या अहिराणी ढंगात म्हणाले, "ज्याच्याकडे तक्रार घेऊन जायचं, तो बरा शे का, हे आधी विचारू नये?" मी ते राहू दिलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. दूरदेशीच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं, की चूक आमचीच आहे, बरीच जुनी आहे, आणि इतकी आटोपशीर करून पाठवल्याबद्दल आभार. आबांनी ते मला वाचायला दिलं, बाकी कुणाला सांगितलं नाही. मीच मेहुण्यांना कळवलं. ते शनिवारी धुळ्याला आले, त्या अकरा ओळी कितीतरी वेळ वाचत बसले.

"मी तेव्हा नीट बघायला हवं होतं," ते म्हणाले.

"तू म्हटलंस तेच मीही आधी म्हटलं," आबा म्हणाले. "म्हणून तर महिना लागला."

दुरुस्त कंपायलर आला तेव्हा दोघं मिळून रावेरला गेले आणि केळीच्या शेवटच्या ओळीत पाणी टपकताना पाहून आले. असं दोघं बरोबर कुठे गेले, ते तेवढंच. पुढे आबांची नजर गेली. आता दर रविवारी मेहुणे पुण्याहून फोन करतात आणि लोकांनी कंपायलरबद्दल नव्याने केलेल्या तक्रारी वाचून दाखवतात. आबा फोन कानाशी धरून ऐकतात. मध्येच एखादी ओळ पुन्हा वाचायला लावतात. ती त्यांना ऐकू आलेली असते, तरीही.