आधी घाबरवायचं, मग सांगायचं

इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली, पण वैताग आठवतो तो एकाच धड्याचा. वाक्याच्या तोंडाशी बसवायचे शब्द. अलार्मिंगली, वरीइंगली, अनॉयिंगली. म्हणजे बातमी सांगायच्या आधीच ऐकणाऱ्याला बजावायचं, की बाबा, आता घाबर, आता काळजी कर, आता चीड. आपल्याकडे आधी गोष्ट सांगतात, घाबरायचं की नाही ते ऐकणाऱ्यावर सोडतात. हे मला वर्गात कधी नीट समजावता आलं नाही. नुसता घोकून घेत राहिलो.

पांढरकवड्याला दर रविवारी सकाळी मी बारावीच्या मुलींचा एक वर्ग घ्यायचो. बाहेरगावची एक संस्था आमच्या भागातली एक मुलगी निवडून नर्सिंगला पाठवायची, राहण्या-जेवण्यासकट. मुलाखत इंग्रजीत. कापसाची ती वर्षं अशी होती की, कुणाच्या घरी काय बिनसलंय ते विचारायला लांबून गाड्या यायच्या. जिच्या घरची हालत सगळ्यांत वाईट, तिला जागा. तेव्हा मी पोरींकडून खरं तर हाल सांगायची तालीम करून घेत होतो.

त्यातली एक बंजाऱ्यांच्या तांड्यावरून सायकलने यायची. अभ्यासात सगळ्यांच्या पुढे. नर्सिंगशिवाय दुसरं काही तिच्या मनात नव्हतं, आणि या जागेशिवाय दुसरा रस्ताही नव्हता. पण हे शब्द तिच्या तोंडून निघेनात.

"अगं, नुसतं कापूस कमी आहे म्हटलं तर मुलाखत घेणाऱ्या मॅडमला काय समजणार? आधी अलार्मिंगली म्हण."

"कमी हाय तं कमीच म्हणा लागते ना, सर."

"जरा घाबरल्यासारखं तरी म्हण!"

"आमची याडी म्हणते, घरचं वाईट मोठ्यानं बोलू नाई. बोललं का ते येते."

मागून किराणा दुकानदाराची मुलगी फिस्सकन हसली. "मंग हिच्या आईलेच पाठवा सर इंटरव्ह्यूले. काही बोलणार बी नाई अन् वाईट काही येणार बी नाई."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. वास्तविक माझी आईही आम्हाला तेच सांगायची. वास्तू तथास्तु म्हणते, भलतं बोलू नये. आमचं घर कचेरीत नोकऱ्या करणाऱ्यांचं, शिकलेलं; पण आमच्याकडे दिवा कधी विझवला नाही, नेहमी 'वाढवला'. वडील अखेरचे दवाखान्यात होते तेव्हा आई शेजारणीला "बरं आहे हो" सांगत होती. त्यामुळे पोरीचं म्हणणं मला पुरतं कळत होतं. कळत होतं म्हणूनच डोकं फिरत होतं.

मध्ये ती वर्गाला येईनाशी झाली म्हणून मी तांड्यावर गेलो. रस्त्यालगत त्यांचं वावर. बोंडं किडीनं खाल्लेली, आणि कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत बकऱ्या चरत होत्या. पीक हातचं गेलं म्हणून त्यांनीच सोडल्या होत्या. घरात तिचा बाप भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेला. मी आलो तरी वळला नाही. आईनं चहा दिला. मी विचारलं, "कसं काय?" ती म्हणाली, "बरं हाय जी. यंदा थोडंसं कमी."

पुढच्या रविवारी मी फळ्यावर इंग्रजीत दोन नवी वाक्यं लिहिली. अलार्मिंगली, लोक उभ्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडू लागले आहेत. डिस्टर्बिंगली, घरचा कर्ता माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मला ती वाक्यं चांगली जमली असं वाटलं. पोरींनी एका सुरात म्हटली. तांड्यावरची ती आली होती, पण खाली मान घालून बसली. मला तो हट्ट वाटला.

मुलाखती एका शाळेच्या खोलीत झाल्या. संस्थेकडून एक मॅडम आणि एक गृहस्थ आलेले. स्थानिक शिक्षक म्हणून मी टेबलाच्या कडेला.

ती आत आली. इंग्रजी स्वच्छ बोलली, नर्स का व्हायचंय ते छान सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, घरी शेती कशी आहे? "फाइन, मॅडम. धिस इयर लिटल लेस." आणि वडील? "फाइन." काही अडचण? "नो, मॅडम."

तिच्यामागून किराणा दुकानदाराची मुलगी आली. तिनं अलार्मिंगली म्हटलं आणि उभ्या पऱ्हाटीतल्या बकऱ्या सांगितल्या. डिस्टर्बिंगली म्हटलं आणि बाजेवरचा बाप सांगितला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या बापाचं दुकान ठीक चाललं होतं, पण मी जे घोकून घेतलं तेच तिनं म्हटलं. ते कुणाच्या घरचं आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "सर, तांड्याच्या मुलीबद्दल काही सांगायचंय?"

"शी इज सिन्सिअर," मी म्हटलं.

पक्षपात दिसेल म्हणून गप्प राहिलो, असं मी पुढे बायकोला सांगितलं, स्वतःलाही. ते खोटं आहे. मला राग आला होता. इतकी मेहनत घेतली आणि ही पोरगी 'फाइन' म्हणते! म्हटलं, भोग आता.

बाहेर ती सायकलजवळ उभी होती. मी तिथेच सुरू झालो. "तोंडात मूग धरले होते का? एवढं शिकवलं ते कशासाठी? दोन शब्द बोलली असतीस तर जागा तुझी होती!"

तिनं सायकलचं स्टँड काढलं.

"सर, बा तसा पडून हाय. याडी मले घरी ठेवून वावरात जाते, त्याले एकटं सोडत नाई. मी इथं तसं बोलले अन् तिकडं काही झालं तं?"

मी घड्याळात पाहिलं.

"तुमी तं पाहून गेलते सर. तुमचा थो बाप नाई. तुमी काहून नाई बोलले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होती. ऊन फार झालंय, नीघ आता, असं काहीतरी मी म्हणालो. ती गेली. जागा तिला मिळाली नाही, परत वर्गालाही आली नाही. तिचा बाप त्यातून उठला, पुढे कामालाही लागला, असं कानावर आलं. तिचं घाटंजीकडे लग्न झालं. बाप वाचला ना, या एका गोष्टीआड मी इतकी वर्षं लपलो.

पण त्या दुपारी निकाल अजून लागायचा होता. खोलीचं दार उघडं होतं. मी आत गेलो. मॅडम म्हणाल्या, "या सर, चहा घ्या." मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी विचारलं, नागपूरच्या रस्त्यावर जेवायला बरं कुठे मिळेल? ते मी त्यांना अगदी सविस्तर सांगितलं.